आठल्येकाकांचे जर्मन रोखे

पार्टीत कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की मी "स्टेट गव्हर्न्मेंटच्या नोकरीत आहे" एवढंच सांगून जेवणाच्या टेबलाकडे सरकायचे. खरं सांगितलं की समोरचा माणूस हातातली प्लेट घट्ट धरायचा आणि विषय बदलायचा. गुंतवणुकीच्या नावाखाली लोकांना लुबाडणाऱ्यांचा तपास करणं, हे माझं काम. न्यू जर्सीत वीसहून अधिक वर्षं मी ते केलं. आता निवृत्त झालेय आणि त्या केसचा निकालही लागलाय, म्हणून लिहिते आहे. नावं बदलली आहेत.

तपास म्हटलं की लोकांना धाडी आणि बंदुका आठवतात. आमच्या कचेरीत बंदूक नव्हती, कॉफीचं एक बिघडलेलं मशीन होतं. दिवस जायचा तो बँकांची स्टेटमेंट्स वाचण्यात आणि फोनवर माणसांचं ऐकून घेण्यात. ठग शोधणं त्यामानाने सोपं असतं. ज्याला लुबाडलं आहे त्याला ते पटवून देणं, हे खरं काम. एका विधवा बाईंनी तर मला फोन करून झापलं होतं, "त्या बिचाऱ्याला का छळता? माझ्या वाढदिवसाला फुलं पाठवणारा तो एकटाच आहे." बाईंचं राहतं घर त्या बिचाऱ्याने घालवलं होतं. मी ऐकून घेतलं. त्या रडायला लागल्या तरी फोन ठेवला नाही. आमच्या नोकरीत हेही येतं.

जर्मन रोखे माझ्या टेबलावर पहिल्यांदा आले ते रॉय नावाच्या गृहस्थांमुळे. रॉय जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. बायकोला घेऊन आले होते, दोघंही चर्चला जायच्या कपड्यांत. त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्यांच्या मधे ठेवलेला एक मोठा कागद काढला. नक्षीदार किनार, ठसठशीत अक्षरं, खाली व्याज घेताना कापून द्यायच्या कूपनांच्या ओळी. शंभर वर्षांपूर्वी जर्मन सरकारने अमेरिकेत विकलेला, सोन्यात परतफेड करण्याचं वचन दिलेला कर्जरोखा. असे बरेच त्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतले होते.

"हा खरा आहे का?" रॉयनी विचारलं.

"कागद खरा आहे," मी म्हणाले.

दोघांनी एकदम श्वास सोडला. बायकोने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आणि मला पुढचं वाक्य अजून बोलायचं होतं.

ते वाक्य नीट बोलता यावं म्हणून पुढचे काही आठवडे मी जर्मनीचा इतिहास वाचला. मी कॉमर्सची. मला महायुद्धांच्या पलीकडे त्यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते असं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सरकार नोटा छापत सुटलं. १९२३ च्या थंडीच्या तोंडावर अशी वेळ आली की पगार हातात पडला की लोक धावत दुकान गाठायचे, कारण संध्याकाळपर्यंत भाव बदललेला असायचा. शेतकऱ्यांनी नोटा घेऊन बटाटे द्यायचं बंद केलं. पीक चांगलं आलं होतं आणि शहरं उपाशी होती. मग सरकारने नवं चलन काढलं, रेंटेनमार्क. जुन्या मार्कांतली बारा शून्यं पुसायची आणि नवा एक मार्क द्यायचा. तिजोरीत पुरेसं सोनं नव्हतं, म्हणून देशातल्या शेतजमिनी आणि कारखाने या नव्या पैशाला कागदोपत्री तारण म्हणून लावले. नोट घेऊन कुणी शेताचा तुकडा मागायला जाणार नव्हतं. तरीही ते चाललं, कारण किती नोटा काढायच्या याला मर्यादा घातली आणि ती पाळली, सरकारने खर्च कापला, आपलीच पुष्कळ माणसं घरी पाठवली, आणि लोकही त्या गोंधळाला कंटाळले होते. बघता बघता गाड्या भरून भाज्या बाजारात आल्या.

पुढच्या वर्षी देश उभा करायला बाहेरून मोठं कर्ज मिळालं. त्यातला बराचसा पैसा अमेरिकेतून गेला. तो देणारे सगळेच काही धनाढ्य नव्हते. दातांचे डॉक्टर, शिक्षिका, विधवा, अशा साध्या माणसांनीही हे रोखे घेतले. काही वर्षं जर्मनी झकास सावरला. मग जगभर मंदी आली, हप्ते थांबले, हिटलर आला, युद्ध झालं. त्या आधीच जर्मनांनी पुष्कळ रोखे स्वस्तात परत विकत घेऊन बर्लिनमध्ये ठेवले होते. युद्धाच्या शेवटी धामधुमीत ते गायब झाले. ते चोरीचे रोखे कुणी वटवू नयेत म्हणून नंतर नियम झाला की प्रत्येक रोखा आधी तपासून, नोंदवून घ्यायचा, मगच पैसे. ती मुदत उलटून कैक वर्षं झाली. न नोंदवलेला रोखा आज फ्रेम करून भिंतीवर लावायच्या लायकीचा. हौशी संग्राहक त्याला एका बऱ्या जेवणाएवढी किंमत देतात.

रॉयना रोखे विकणाऱ्याला मी इथे वेलर म्हणते. तो लायब्ररीच्या सभागृहांत फुकट व्याख्यानं द्यायचा. विषय, 'पैसा मरतो तेव्हा काय होतं'. व्याख्यान खरोखर चांगलं असायचं, मी रेकॉर्डिंग ऐकलं आहे. शेवटी चहाच्या वेळी तो दोघाचौघांना बाजूला घ्यायचा. जर्मन सरकार गुपचूप तडजोड करतं आहे, लवकरच या रोख्यांचे शंभर वर्षांच्या व्याजासकट सोन्यात पैसे मिळतील, पण गवगवा करू नका.

आम्ही फाइल उघडली. आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तपास चालू असेपर्यंत तो गुप्त. नवऱ्याला सांगायचं नाही, मैत्रिणीला नाही, ज्यांना लुबाडलं जातंय त्यांनाही नाही. ठगाला कुणकुण लागली की त्याच्या खात्यातला पैसा परदेशी जातो आणि रॉयसारख्यांना कवडीही मिळत नाही. खाती गोठवायला न्यायाधीशांचा हुकूम लागतो, त्याला पुरावा लागतो, आणि बँका कागद द्यायला वेळ लावतात. तोवर तोंड बंद. मी हा नियम नव्या मुलांना शिकवायचे.

महागाईचे दिवस होते. अंडी, गॅस, भाडी, सगळंच वर चाललं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नाटकाच्या मध्यंतरातही डॉलर बुडणार का, सोनं घ्यावं का, हीच चर्चा. अशाच एका रविवारी मी एडिसनला आठल्येकाकांकडे जेवायला गेले होते.

डॉक्टर आठल्ये भूलतज्ज्ञ. सांगलीचे. इथे आलेल्या मराठी माणसांची पहिली पिढी. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. कुमुदकाकूंनी मला स्वतःचा हिवाळी कोट दिला, आणि काकांनी त्यांच्या जुन्या गाडीवर मला ड्रायव्हिंग शिकवलं. त्यामुळे ते घर मला माहेरासारखं.

जेवण झाल्यावर काका म्हणाले, "विद्या, इकडे ये. तुला एक गंमत दाखवतो."

त्यांच्या अभ्यासिकेत टेबलावर पांढरं कापड पसरलं होतं. त्यावर नक्षीदार किनारीचे, कूपनं असलेले कागद ओळीने मांडले होते.

 कुणाकडून घेतले हे मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"वेलर म्हणून आहे. फार अभ्यासू माणूस गं. जर्मन इन्फ्लेशनवर दोन तास बोलला, हातात चिटोरं नाही."

"काका, बरेच घेतलेत?"

"ही तर सुरुवात आहे. आता मोठा लॉट येतोय. त्यासाठी घरावर लोन काढतोय. बँकेत पेपर्स तयार होतायत, पुढच्या आठवड्यात क्लोजिंग, सह्या झाल्या की पैसे हातात."

मी एक कागद उचलून पुन्हा कापडावर ठेवला.  शेवटी म्हणाले, "काका, असल्या जुन्या बाँडबद्दल सरकारच्या वॉर्निंग्ज आहेत. कुणीही वाचू शकतं. ह्यांना कलेक्शनची किंमत आहे, बाकी काही नाही."

"तुला शंका घ्यायचाच पगार मिळतो," ते हसून म्हणाले. मग हसू गेलं. "हे बघ, जर्मनीत ज्यांच्याकडे नोटा होत्या ते बुडाले. ज्यांच्याकडे सोनं होतं ते तरले. माझे वडील नोटावाले होते. आमच्याकडची एक बँक बुडाली तेव्हा मी शाळेत होतो. वडील मला घेऊन बँकेच्या दारात उभे होते. दार बंद. ते काही बोलले नाहीत, आणि पुढेही त्यावर कधी बोलले नाहीत." त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुमुदचा पार्किन्सन्स वाढतोय. उद्या तिला दिवसरात्र माणूस लागेल. मला काही झालं आणि पैशाची माती झाली, तर ती कुठे जाईल?"

घरी येताना मला एक्झिट चुकल्याचंही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्रेसकडे गेले. ग्रेस माझी साहेब. आधी सरकारी वकील होती, उगाच आवाज चढवत नाही. मी सगळं सांगितलं. तिने खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाली, "विद्या, या क्षणापासून ही फाइल तुझ्याकडे नाही."

"ते मला मान्य आहे. पण ते घर गहाण ठेवतायत. पुढच्या आठवड्यात."

"आपला अर्ज न्यायाधीशांपुढे जायला अजून थोडे दिवस आहेत. आज वेलरला संशय आला तर सकाळपर्यंत खातं रिकामं होईल. तुझे डॉक्टर त्याच्याशी रोज बोलतात की नाही?"

"बोलतात."

"मग तू त्यांना सांगितलंस की ते त्याला विचारणार. रागाने नाही, शहानिशा म्हणून विचारणार. सगळे विचारतात."

तिचं खरं होतं. मीच हे नव्या मुलांना शिकवलं होतं. मी विचारलं, "सर्वसाधारण सल्ला देऊ शकते? आपण लायब्ररीत माहिती द्यायला जातो तेव्हा लोकांना देतो तसा?"

"तेवढाच," ग्रेस म्हणाली. "त्याहून जास्त एक शब्द नाही. तुझी नोकरी जाईल, ते सोड. बाकीच्यांचे पैसे जातील."

मी सरकारी माहितीपत्रकाची प्रत घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं, मागची बाजूही पाहिली. "ह्यात वेलरचं नाव कुठे आहे?"

"नाव नसतं काका. हे जनरल असतं."

"मग ते चोरांबद्दल आहे, वेलरबद्दल नाही."

तेव्हा मी आमचा नेहमीचा सल्ला दिला. विकणाऱ्यालाच म्हणावं, यातला एक परत घे, अर्ध्या किमतीला घे. वस्तू इतकी मोलाची असेल तर तो आनंदाने घेईल. हे सुचवतानाही मला धास्ती वाटत होती, पण हे आम्ही कुणालाही सांगायचो.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. आवाजात विजय होता. "विचारलं त्याला. तो म्हणाला, डॉक्टर, मी आत्ता घेतो परत, पण तुमचं रजिस्ट्रेशन चालू आहे. आता विकलेत तर रांगेतला नंबर जाईल, आणि मला ते तुमच्या बाबतीत करवत नाही. ऐकलंस? स्वतःचा फायदा सोडून सांगतोय." ज्या युक्तीवर माझा भरवसा होता, तिनेच काकांचा विश्वास आणखी घट्ट केला होता.

त्याच आठवड्यात त्यांची मुलगी मीरा हिचा क्युपर्टिनोहून फोन आला. मीरा इथेच जन्मलेली, मराठी समजते, बोलताना इंग्रजीत वळते. "विद्यामावशी, डॅड माझं ऐकतच नाहीये. ही थिंक्स आय अ‍ॅम स्टिल ट्वेल्व्ह. तू सांग ना त्याला. तुझं तर जॉबच ते आहे!"

"बोलले मी, मीरा."

"बोललीस म्हणजे काय? इज इट अ स्कॅम ऑर नॉट?"

मी म्हणाले, "माझ्यामते त्यांनी घेऊ नये."  मग ती हळू म्हणाली, "दॅट्स नॉट अ‍ॅन आन्सर, मावशी." आणि फोन बंद झाला.

त्या दिवसांत माझं जेवण कमी झालं. नवरा विचारायचा, ऑफिसात काही झालंय का? मी म्हणायचे, नेहमीचंच. मनात एकच हिशोब. इकडे रॉय आणि त्यांच्यासारखे पुष्कळ जण, ज्यांची मला फक्त नावं आणि खात्यांचे नंबर माहीत. तिकडे ज्या घरात मी पहिला हिवाळा काढला ते घर.

क्लोजिंगच्या आदल्या दुपारी कुमुदकाकूंनी बोलावलं. काका चेकअपला गेले होते. काकू स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. हात थरथरत होते, दाणे टेबलावर उड्या मारत होते, पण मी शेंग उचलली की त्या ती माझ्या हातातून काढून घेत.

"विद्या, घर दोघांच्या नावावर आहे. उद्या मलाही सही करायची आहे," त्या म्हणाल्या. "तू आजकाल काही बोलत नाहीस. तुला बोलता येत नसेल, एवढं मला कळतं. ते मी विचारणारही नाही. तू मला त्या जर्मनीचं सांग. हा रोज सांगतो, पण ह्याच्या गोष्टीत सगळं सोनंच असतं. बायका काय करत होत्या तिथे?"

केस गुप्त होती. इतिहास गुप्त नव्हता. मी सांगितला. नोटा न्यायला बायकांना कपड्यांच्या टोपल्या लागायच्या. कुणी पियानो देऊन बटाटे घेतले. एखाद्या विधवेने आयुष्यभर साठवलेले पैसे काढले, तर त्यात पोस्टाचं तिकीट यायचं नाही.

"मग नवे पैसे आले तेव्हा सुधारलं?"

"हो काकू. थोड्याच दिवसांत. दुकानं भरली, भाव जागेवर आले."

"आणि त्या बाईचे साठवलेले?"

"ते गेले. पुढे कायदा करून काहींना थोडासा हिस्सा दिला. बाकी गेले ते गेलेच."

काकूंनी शेंग उघडली. "म्हणजे देश सावरला. ती बाई नाही सावरली." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण नव्या नोटेला लोकांनी खरं कसं मानलं? सोनं तर नव्हतं म्हणतेस."

"जमिनी लावल्या होत्या तारण. शेतं, कारखाने."

"गहाण?"

"गहाणच. पण कागदावर. त्यापायी कुणी शेत उचलून न्यायला येणार नव्हतं."

काकूंचे हात थांबले नव्हते, थांबू शकत नव्हते, पण त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि आमचं हे घर?"

कुठल्याही गहाणाबद्दल कुणीही देईल तेच उत्तर मी दिलं. "हप्ते थकले तर न्यायला येतील, काकू."

त्या पुन्हा मटारांकडे वळल्या. "लग्न झाल्यापासून मी ह्याला कधी नाही म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "अमेरिकेला यायचं ठरवलं तेव्हासुद्धा नाही. तेव्हा फार म्हणावंसं वाटलं होतं."

 त्या काय करणार हे मला कळलं नव्हतं, आणि मला वाटतं त्यांनाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि त्यांच्या बँकेच्या पार्किंग लॉटमध्ये जाऊन गाडीत बसले. का गेले ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. काकांची गाडी आली. त्यांनी उतरून काकूंची बाजू उघडली, त्यांना हात दिला, वॉकर समोर ठेवला, आणि दोघं फार सावकाश आत गेली.

मी दाराच्या हँडलला हात लावला. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, वेलर ठग आहे, आम्ही त्याच्या मागावर आहोत. ते बोलले की काकांचं घर वाचणार होतं. त्याच दुपारी काका त्याला फोन करणार होते, आणि रॉयचे पैसे बुडणार होते. माझं पेन्शनही. पेन्शनचा विचार आला याची मला लाज वाटली, पण आला होता. मी हात काढला. पुन्हा ठेवला. गाडीत उकडत होतं आणि काच खाली करायचं मला सुचत नव्हतं.

मग बँकेचं दार उघडलं. काकू एकट्या बाहेर आल्या. वॉकर ढकलत गाडीपर्यंत पोचल्या आणि बंद दारापाशी उभ्या राहिल्या, कारण किल्ली काकांकडे होती. बऱ्याच वेळाने काका आले. त्यांच्या हातात कागदांची गुंडाळी होती. त्यांनी दार उघडलं, काकूंना बसवलं, त्यांचा पाय उचलून आत ठेवला, दार अलगद लावलं. मग ते आपल्या बाजूला न जाता गाडीला टेकून तसेच उभे राहिले.

सही झाली होती की नव्हती? त्या गुंडाळीवरून काही कळत नव्हतं. ते निघून गेल्यावरही मी तिथेच बसून होते.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "नाही केली सही," त्या म्हणाल्या. "पेन हातात घेतलं होतं. बँकेतल्या त्या मुलीला वाटलं हात थरथरतोय म्हणून जमत नाहीये. तिने मदत करू का विचारलं. मी म्हटलं, हात ठीक आहे. मला करायची नाही."

"आणि काका?"

"टीव्ही बघतोय. आवाज बंद करून."

थोड्याच दिवसांत न्यायाधीशांचा हुकूम मिळाला, वेलरची खाती गोठली, त्याला अटक झाली. खात्यात बरंच शिल्लक सापडलं. रॉयना त्यांच्या पैशातले काही परत मिळाले, काकांनाही पहिल्या खरेदीतले थोडे. पण त्या काळात काका माझ्याशी नीट बोलत नव्हते. काकूंनी कुणाचं ऐकून पेन खाली ठेवलं हे त्यांनी ओळखलं होतं. मंडळाच्या कार्यक्रमात समोर आले तर म्हणायचे, "या विद्याताई, बसा तुम्ही." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला तुम्ही म्हटलं. चारचौघांत मी हसून बसायचे आणि घरी येऊन रडायचे.

वेलरने गुन्हा कबूल केला. शिक्षा सुनावायच्या दिवशी लुबाडलेल्या माणसांना कोर्टात बोलता येतं. मी मागच्या बाकावर बसले होते, केसमधली म्हणून नाही, नुसती. दोन जणांनी वेलरला कमी शिक्षा द्या म्हणून विनंती केली. त्याने त्यांना फार चांगलं वागवलं होतं म्हणे. मग काका उठले. ते येणार आहेत हे मला माहीत नव्हतं. सूट घातला होता, तो आता अंगाला ढगळ होत होता.

"मी भूल देणारा डॉक्टर होतो," ते न्यायाधीशांना म्हणाले. "टेबलावर झोपवलेला माणूस घाबरलेला असतो. मी त्याच्या कानाशी वाकून हळू बोलायचो. मी इथेच आहे, तुम्हाला काही होणार नाही. आणि मी खरंच तिथेच थांबायचो, तो जागा होईपर्यंत. मिस्टर वेलर माझ्याशी त्याच आवाजात बोलले. तो आवाज मला ओळखीचा वाटला. एवढंच सांगायचं होतं."

ते खाली बसले. वेलरने मान वर केली नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये काका बाकावर बसून कोटाची बटणं लावत होते. मी जाऊन उभी राहिले. त्यांनी वर न बघता विचारलं, "विद्या, तुला माहीत होतं?"

"हो."

"मी तुला ते कागद दाखवले तेव्हा?"

"त्याच्याही आधीपासून."

ते बटणांकडे बघत राहिले. "आणि तुला सांगता येत नव्हतं."

"नाही."

"कुमुदने सही केली असती तर?"

"मी बाहेर पार्किंगमध्ये होते, काका. गाडीत."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशनच्या आधी पेशंटकडे बघत असतील तसं, घाई न करता. "आत आली असतीस?"

कोर्टात शपथेवर मी पुष्कळदा उत्तरं दिली आहेत. सोपं उत्तर काय आहे ते मला कळत होतं आणि ते ऐकायची त्यांची इच्छाही दिसत होती.

"माहीत नाही," मी म्हणाले. "खरंच माहीत नाही."

 लोक येत-जात होते. मग त्यांनी उठायला हात पुढे केला आणि मी तो धरला.

"घरी चल," ते म्हणाले. "मी कोर्टात उभा राहिलो हे कुमुदला माहीत नाही. तिला सांगायला हवं, आणि मला ते एकट्याने जमणार नाही."

गाडी मी चालवली.